बेटांच्या नावाची छोटी सुवर्णनाणी: गोव्यातल्या नव्या संग्राहकासाठी

गोव्यात ही नाणी बहुतेकदा माणसांसोबत येतात. जहाजावर नोकरीला असलेला भाऊ, आखातातून सुट्टीवर आलेला मामा, लिस्बनला नाहीतर स्विंडनला राहणारी आतेबहीण, यांच्यापैकी कुणीतरी बॅगेतून एक चपटी डबी काढतं. आत प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये शर्टाच्या बटणाएवढं सोन्याचं नाणं आणि सोबत इंग्रजी प्रमाणपत्र. नाण्यावर नाव पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटदेशाचं: पलाऊ, कुक आयलंड्स, तुवालू किंवा निउए. मग घरात प्रश्न सुरू होतात. हे खरंच सोनं का? हे नाणं कुठे चालतं? विकलं तर किती येतील? आणि आणखी घ्यायची झाली तर कुठून घ्यायची?

माझं सांगणं असं की असं नाणं हातात आलं की आधी तीन गोष्टी मनात सुट्ट्या करा. नाव कुणाचं, घडवलं कुणी, आणि सोनं किती. तिन्हींची उत्तरं वेगळी असतात आणि तुम्ही दिलेले पैसेही याच तीन वाटांनी जातात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

नाव आणि टांकसाळ

तुवालूचं सगळं मिळून क्षेत्रफळ २६ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. निउएमध्ये तर दोन हजारही माणसं राहत नाहीत. एवढ्याशा देशाला टांकसाळ परवडत नाही आणि तिची गरजही नसते. रोजच्या व्यवहाराला निउए आणि कुक आयलंड्समध्ये न्यूझीलंडचा डॉलर चालतो, तुवालूत ऑस्ट्रेलियाचा, पलाऊत अमेरिकेचा. पण स्वतःच्या नावाने नाणं काढण्याचा अधिकार या सरकारांकडे आहे. तो अधिकार ती करार करून परदेशी टांकसाळींना वापरू देतात आणि त्याबद्दल रॉयल्टी घेतात. काही संग्राहक यावरून नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या देशाकडे विकायला मासळी, टपाल तिकिटं आणि स्वतःचं नाव एवढंच आहे, त्याने ते नाव रीतसर विकलं तर त्यात गैर काही नाही. फक्त घेणाऱ्याला हे ठाऊक असावं.

घडवणारे हात कुणाचे ते बघा. तुवालूच्या नावाची बरीच नाणी पर्थ मिंटमध्ये बनतात. ही टांकसाळ १८९९ पासून चालू आहे आणि ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारच्या मालकीची आहे. निउएची बरीच नाणी न्यूझीलंड मिंट काढते. नाव सरकारी वाटलं तरी ही ऑकलंडमधली खाजगी कंपनी आहे. स्टार वॉर्स आणि डिस्नेची पात्रं असलेली निउएची नाणी तिचीच. पलाऊ आणि कुक आयलंड्सच्या अनेक नाण्यांमागे लिश्टेनश्टाइनमधली सीआयटी ही कंपनी असते. कल्पना आणि विक्री तिची, ठसा उमटवण्याचं काम जर्मनीत म्युनिककडच्या बी. एच. मायर या टांकसाळीचं. समुद्र नसलेल्या, आल्प्सच्या कुशीतल्या देशात पॅसिफिकच्या माशांची नाणी कागदावर उतरतात.

गोवेकराला याचं फार नवल वाटू नये. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर लगेच इथे नाणी पाडली आणि पुढे पणजीतही टांकसाळ होती. पण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर चित्र बदललं. १८८१ आणि १८८२ चा पोर्तुगीज इंडियाचा रुपया बघा. राजा लुईशचा चेहरा, मजकूर पोर्तुगीज, नाव आपल्या भूमीचं, आणि घडवला इंग्रजांच्या कलकत्ता टांकसाळीत. जुन्या घरांतून हा रुपया अजून सापडतो. तो हातात घेऊन मग पलाऊचं नाणं बघितलं की नाव एकाचं आणि टांकसाळ दुसऱ्याची ही गोष्ट पटकन कळते.

मग नुसता सोन्याचा बिल्ला न काढता देशाचं नाव कशाला हवं? एक कारण कराचं आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सोन्याचं नाणं मूल्यवर्धित करातून सुटायचं तर ते १८०० नंतरचं हवं, शुद्धता हजारात निदान ९०० हवी, मूळ देशात ते कायदेशीर चलन असायला हवं किंवा असलेलं हवं, आणि त्याची नेहमीची विक्री किंमत आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त नको. ‘कायदेशीर चलन’ हा शिक्का बेटाच्या नावामुळे मिळतो. दुसरं कारण साधं आहे. माणसाला बिल्ल्यापेक्षा नाणं हवंसं वाटतं.

नाणं वाचायचं कसं

दहापटीचं भिंग घ्या. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे असतं तसं चालेल. खिडकीजवळ बसा, नाणं कॅप्सूलमध्येच ठेवा आणि डबी हळूहळू तिरपी करा. प्रूफ नाण्याची, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन घडवलेल्या नाण्याची, मोकळी जागा आरशासारखी काळी-सोनेरी दिसते आणि चित्र दुधी दिसतं. देशाचं नाव, वर्ष आणि दर्शनी किंमत शोधा. राणी एलिझाबेथच्या काळातल्या तुवालू, निउए, कुक आयलंड्सच्या नाण्यांवर बहुधा एका बाजूला तिचा चेहरा असतो. पलाऊ प्रजासत्ताक आहे, तिथे राणी नाही. सोन्याचा उल्लेख चित्राच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत असतो: एयू ९९९ किंवा एयू ९९९९, आणि वजन. ‘एयू’ ही सोन्याची रासायनिक खूण.

दर्शनी किमतीवरून धातू ओळखायला जाऊ नका. पलाऊच्या नावाने तांबं-निकेलचं मोठं, रंगीत चित्राचं एक डॉलरचं नाणंही आहे आणि अर्ध्या ग्रॅम सोन्याचंही एक डॉलरचंच आहे. दोन्हींवर आकडा तोच. हा आकडा कायद्यापुरता असतो. ते नाणं घेऊन पलाऊतल्या कोरोरच्या बाजारात कुणी मासळी घेत नाही, आणि म्हापशाच्या बँकेत तर ते बदलून मिळणारच नाही.

प्रमाणपत्रावरचे शब्द नीट वाचा. ‘गोल्ड प्लेटेड’, ‘गिल्डेड’, ‘लेयर्ड इन गोल्ड’ असं काहीही लिहिलं असेल तर तो मुलामा, मग पुढे ‘२४ कॅरेट’ असो वा नसो. १४ कॅरेटची, म्हणजे ५८५ चा अंक असलेली छोटी नाणीही बाजारात असतात. ती खोटी नाहीत, पण अर्ध्या ग्रॅमच्या अशा नाण्यात शुद्ध सोनं ०.२९ ग्रॅमच भरतं.

देशाचं नाव आणि दर्शनी किंमत दोन्ही नसतील तर ते नाणं नव्हे, पदक. आपल्या सराफांकडे धनत्रयोदशीला मिळणारं लक्ष्मीचं ‘नाणं’ याच वर्गातलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झालेलं, अशोकचक्र असलेलं सरकारी इंडियन गोल्ड कॉइनसुद्धा चलन नाही. सोनं म्हणून ते उत्तमच आहे, पण नाणेसंग्रहात त्याची जागा वेगळ्या कप्प्यात.

वीसने भागा

आता हिशेब. सर्वांत जास्त दिसणारं माप म्हणजे ०.५ ग्रॅम, व्यास ११ मिलिमीटर. आपल्याकडे सोन्याचा भाव दहा ग्रॅमचा सांगतात, म्हणून त्या दिवशीच्या २४ कॅरेटच्या भावाला २० ने भागा. झाली आतल्या सोन्याची किंमत. गणितापुरता भाव एक लाख धरला तर अर्ध्या ग्रॅमचे पाच हजार रुपये.

दुसरी मापं औंसात असतात. औंस म्हणजे इथे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. एक पंचविसांश औंस म्हणजे १.२४४ ग्रॅम, याच भावाने १२,४४० रुपये. एक दशांश औंस म्हणजे ३.११ ग्रॅम, ३१,१०० रुपये. हे तीन आकडे पाठ करा, बाजारात वहीची गरज पडणार नाही.

समजा विक्रेता अर्ध्या ग्रॅमच्या नाण्याचे नऊ हजार मागतो. सोन्याचे पाच, वरचे चार हजार, म्हणजे ८० टक्के अधिक. ही लूट आहे का? नेहमीच नाही. ठसा कोरायला, प्रूफ घडवायला, कॅप्सूल-डबी-प्रमाणपत्राला मोठ्या नाण्याइतकाच खर्च येतो आणि तो अर्ध्या ग्रॅमवर पडतो. शिवाय रॉयल्टी, दोन-तीन दुकानदारांचा नफा आणि आपल्याकडची ३ टक्के जीएसटी. पण हेच नाणं उद्या सराफाकडे मोडायला नेलं तर तो फक्त सोनं बघणार. त्याने ४,८०० दिले असं धरा. सोन्याच्या किमतीच्या याच प्रमाणात तो पैसे देणार असेल तर तुमचे नऊ हजार परत यायला सोन्याचा भाव एक लाखावरून १,८७,५०० वर जावा लागेल.

म्हणून स्पष्ट सांगतो: गुंतवणूक करायची असेल तर ही नाणी घेऊ नका. लग्नासाठी सोनं साठवायचं असेल तर सराफाची पेढी किंवा बँक बघा. ही नाणी हौसेची आहेत, आणि हौसेला मोल लागतं. ते किती लागतंय हे कळून मोजलं की झालं.

पहिलं नाणं निवडताना

एक विषय धरा. गोव्यात राहणाऱ्याला समुद्रजीव, जुनी गलबतं, चर्च आणि संत, प्रवासी यांतलं काहीही जवळचं वाटेल. पलाऊने तर १९९२ पासून समुद्रजीवांच्या रक्षणाचा विषय घेऊन मालिका चालवली आहे. विषयाशिवाय घेणारा माणूस दर महिन्याला निघणाऱ्या नव्या नाण्यांच्या मागे धावत राहतो. या टांकसाळी वर्षभर काही ना काही काढतच असतात आणि प्रत्येक जाहिरातीत ‘मर्यादित’ हा शब्द असतो. मर्यादा किती, तो आकडा विचारा. पंधरा हजार नगांची मर्यादा ही दुर्मीळता नव्हे. आणि जाहीर केलेली कमाल संख्या वेगळी, प्रत्यक्षात घडवलेले नग वेगळे.

माझा स्वतःचा कल चित्राकडे आहे. अकरा मिलिमीटरच्या जागेत कोरणाऱ्याची खरी कसोटी लागते. मोठ्या चांदीच्या नाण्यासाठी काढलेलं चित्र तसंच लहान करून सोन्यावर उतरवलं की सगळं गिचमिड होतं. राजवाड्याच्या खिडक्या नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात, माणसांचे चेहरे पुसट होतात. त्याउलट एकच कासव, एकच शिंपला, एकच शीड असलेली होडी, बाजूला भरपूर मोकळी जागा, अशी नाणी भिंगाखाली बघताना तासभर जातो. कासवाच्या पाठीवरचा एकेक पट्टा सुटा दिसला तर ते नाणं घ्यावं. फोटोवर भुलू नका. विक्रेते वीसपट मोठा फोटो दाखवतात. ‘खऱ्या आकारात दाखवा’ असं म्हणायला लाजू नका.

घ्यायचं कुठून? भारतात आधीच असलेलं नाणं, जीएसटीच्या बिलासह, नावाजलेल्या नाणे-विक्रेत्याकडून किंवा लिलावगृहातून घ्या. मुंबई-बंगळूरला नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे चार टेबलांवरचे भाव एकाच दिवशी ताडून बघता येतात. किनाऱ्यावरच्या आठवडी बाजारांत नाण्यांचे ढीग दिसतात. तिथली तांब्याची, निकेलची जुनी नाणी खुशाल चाळा, पण सोनं तिथून घेऊ नका. पावती मिळत नाही आणि विकणारा पुढच्या हंगामात असेलच असं नाही.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या बंद प्लास्टिक-पेटीत असलेलं नाणं मिळालं तर पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पण अर्ध्या ग्रॅमचं नाणं मुद्दाम तिकडे पाठवू नका, खर्च सोन्याच्या वर जातो.

खरं की खोटं

या नाण्यांवर आपल्या बीआयएसचा हॉलमार्क नसतो. त्यामुळे तो नाही म्हणून खोटं ठरत नाही, आणि सराफ ‘हॉलमार्क नाही’ म्हणून भाव पाडू लागला तर तेही ऐकून घेऊ नका. तपासायची खरी साधनं तीन: वजन, व्यास, जाडी.

वजनाला स्वयंपाकघरातला काटा कुचकामी. निदान दोन, जमल्यास तीन दशांश स्थळं दाखवणारा सराफाचा काटा हवा. व्यास कॅप्सूलच्या वरूनही मोजता येतो. जाडी मात्र सगळ्यात बोलकी. सोनं फार जड असतं, एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. त्यामुळे ११ मिलिमीटर व्यासाच्या अर्ध्या ग्रॅम सोन्याची सरासरी जाडी जेमतेम ०.२७ मिलिमीटर येते. त्याच वजनाचं आणि व्यासाचं पितळेचं नाणं ०.६ मिलिमीटरहून जाड होईल, म्हणजे दुपटीच्या वर. पितळ तेवढंच पातळ केलं तर वजन निम्म्याहून खाली घसरतं. पितळेसारख्या हलक्या धातूचं नकली बनवणाऱ्याला तिन्ही आकडे एकदम जुळवता येत नाहीत. कॅप्सूल कडेने धरून भिंगातून बघा. नाणं जवळजवळ पत्र्यासारखं दिसायला हवं. जाडजूड दिसलं तर तिथेच थांबा. लोहचुंबकाची परीक्षा फारशी कामाची नाही, कारण तांबं-पितळही चुंबकाला चिकटत नाही.

ओळखीच्या शेटकडे कॅरेट मोजायचं यंत्र असेल तर पाच मिनिटांचं काम. पण दुकानात शिरताच आधी सांगा, ‘‘शेट, हे दगडावर घासू नका हं, फक्त यंत्रावर बघा.’’ कसोटीच्या दगडाचा एक ओरखडा उठला की प्रूफ नाण्याची संग्राहकाच्या लेखी असलेली किंमत गेली, उरलं ते नुसतं सोनं. यंत्र फक्त वरचा थर वाचतं, म्हणून त्याचा आकडा आणि जाडीचं गणित दोन्ही जुळायला हवेत.

विमानतळावर

परदेशातून आणणाऱ्या नातेवाइकाला एक गोष्ट आधीच कळवा. वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्यांना दागिन्यांवर जी करमुक्त सवलत मिळते ती दागिन्यांचीच, नाण्यांची नाही. नाणं कितीही लहान असो, दाबोळीला उतरा की मोपाला, लाल मार्गिकेत जाऊन दाखवायचं, खरेदीची पावती पुढे करायची, शुल्क भरायचं आणि त्याची पावती जपून ठेवायची. शुल्काचे दर बदलतात. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं होतं. म्हणून निघण्याआधी त्या वेळचा दर आणि नियम कस्टम्सकडूनच विचारून घ्या. टपालाने किंवा कुरियरने परदेशातून सोन्याचं नाणं मागवण्याच्या फंदात नवख्याने पडूच नये. पार्सल अडकलं की नाणंही जातं आणि पैसेही.

घरातली जुनी माणसं कधी कधी घाबरतात की परदेशी सोनं घरात ठेवणं गुन्हा आहे. ती भीती सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळातली. १९६८ चा तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. कागदपत्रं असली की काळजी नाही.

गोव्याचा पाऊस

शुद्ध सोनं गंजत नाही, पण जूनपासून चार महिने गोव्यातली हवा बाकी सगळ्याची वाट लावते. डबीच्या आतल्या मखमलीला बुरशी येते, प्रमाणपत्राला कसर लागते, कॅप्सूल आतून धुरकट होतं. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा आणखी भर घालते. नाण्यावर कधी कधी लालसर ठिपका दिसतो. तो सोन्याचा दोष नसतो, घडवताना दाबला गेलेला तांब्याचा किंवा दुसऱ्या धातूचा कण हवेने रंग बदलतो. तो घासू नका. २४ कॅरेट इतकं मऊ असतं की सुती कापडानेही रेघा उठतात. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, काहीही नको.

कॅप्सूल उघडूच नका. उघडावंच लागलं तर धुतलेल्या कोरड्या हातांनी, खाली मऊ टॉवेल अंथरून, नाणं फक्त कडेने धरा. इतकं हलकं नाणं फरशीवर पडलं तर घरंगळून कपाटाखाली जातं आणि कड वाकते. डबी झिप असलेल्या जाड पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी पुडी मिळते ती घ्या, रंग पालटला की बदला. गणपतीच्या सुमारास एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा उघडून बघा. डांबरगोळ्या जवळ नकोत. जुन्या अल्बममधली मऊ, वासाची पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यांचा चिकट अंश नाण्यावर उतरतो. प्रमाणपत्र वेगळ्या कोरड्या फाइलमध्ये ठेवलं तर उत्तम, पण हरवू नका. डबी आणि प्रमाणपत्राशिवायच्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो.

विकताना आणि मागे ठेवताना

विकायची वेळ आली तर सराफ शेवटचा. आधी त्या विषयाचा संग्राहक, मग नाणे-विक्रेता, मग लिलाव. समुद्रजीव जमवणारा माणूस कासवाला जो भाव देईल तो पेढीवर मिळणार नाही. कॅटलॉगमधला केएम क्रमांक, म्हणजे क्राउझे-मिशलर या जागतिक नाणेसूचीतला त्या नाण्याचा क्रमांक, शोधून सांगितला तर बोलणं लवकर संपतं. बहुतेक नाण्यांचा तो न्यूमिस्टासारख्या संकेतस्थळावर सापडतो.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक नाण्यासमोर देश, टांकसाळ, वर्ष, वजन, शुद्धता, कॅटलॉग क्रमांक, कुणाकडून घेतलं किंवा कुणी आणलं, बिल आणि शुल्काची पावती कुठे ठेवली, हे सगळं मराठीत, घरातल्या कुणालाही वाचता येईल असं लिहा. आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: ‘ही नाणी मोडायची नाहीत, आधी नाणे-विक्रेत्याला दाखवायची’, त्याखाली दोन विश्वासू विक्रेत्यांचे फोन नंबर. वही लॉकरमध्ये आणि तिची एक झेरॉक्स घरात.